होस्टेलच्या छतावरचं ऊन

मुलींच्या होस्टेलवर सोलर पॅनेल बसले, त्या दिवशीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन मीच केलं होतं. मी कॉलेजची ग्रंथपाल. कॅम्पसवर कुठलाही कार्यक्रम असला की माइक माझ्या हातात येतो, कारण लायब्ररीत बसणाऱ्या बाईला दुसरं काम नसतं असं सगळ्यांचं ठाम मत आहे. नागपूरच्या उन्हाला आपण आजवर फक्त शिव्या दिल्या, आता तेच ऊन आपल्या घरात दिवे लावणार, असं काहीतरी मी बोलले आणि टाळ्या पडल्या. बाबा शेवटच्या रांगेत बसून ऐकत होते. उभं आयुष्य त्यांनी खापरखेड्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर काढलेलं. घरी येताना, थोडं चाललं की दम खायला थांबत, ते म्हणाले, "भाषण चांगलं केलं तू. पन रातीले काय करान?"

रात्री नेहमीचीच लाइन असते, सोलर फक्त दिवसा, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. वीज ही कुणीतरी आगीपाशी उभं राहून तयार करायची वस्तू आहे, यावर त्यांची श्रद्धा होती. म्हणून ती वाया घालवणं हा त्यांच्या लेखी गुन्हा. मी लहानपणी खोलीतून बाहेर पडताना दिवा तसाच ठेवला की मागून आवाज यायचाच, "तुह्या बापाले पुन्हा ड्यूटीवर पाठवतं का?" आई गेल्यावर ते माझ्या क्वार्टरमध्ये राहायला आले, तेव्हा ही सवय ट्रंकेबरोबर घेऊनच आले. मी पन्नाशीला टेकलेली, एकटी राहणारी, नोकरदार बाई. पण संध्याकाळी स्वयंपाकघरातून बाहेर पडले की बटणाकडे हात आपोआप जायचा.

ती थंडी होती. तेव्हा बाबांना नुसता दम लागायचा. थंडी सरता सरता ते दवाखान्यात गेले आणि परत आले ते ऑक्सिजनचं मशीन घेऊन. इतकी वर्षं ओढलेल्या बिडीने आपला हिशेब वसूल केला होता. मशीन म्हणजे लहान कपाटाएवढा पांढरा डबा. खोलीतली हवा ओढायची, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा करायचा आणि नळीतून बाबांच्या नाकात सोडायचा, एवढंच त्याचं काम. पण ते काम विजेवर चालायचं. लाइट गेली तर म्हणून कोपऱ्यात एक सिलिंडर उभा केला होता, मात्र तो फार वेळ पुरणारा नव्हता. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, मशीन बंद पडता कामा नये.

पुण्याच्या माझ्या भावाने लगेच फोन केला. "तुला एकटीला झेपणार नाही. बाबांना इकडे घेऊन येतो. आमच्या सोसायटीत लाइट जातच नाही." बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "तुह्या मायची राख कन्हान नदीले सोडली हाय. मी कुठीच येत नाई." फोन मला परत दिला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, बाबा इथेच राहतील. मशीन चालतं ठेवायचं, त्यात काय मोठंसं!

मशीन सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये लावायला बाबा तयार नव्हते. त्यांनी ट्रंकेतून आपला जुना स्टॅबिलायझर काढायला लावला. आमच्या घरी पहिला टीव्ही आला तेव्हाचा तो. पुढे एक मोठं बटण, ते हाताने एकेक घर पुढे फिरवायचं. कट्ट आवाज झाला की व्होल्टेज थोडं चढायचं. बाजूच्या काचेत काटा होता, तो कधीचाच खाली पडून राहिलेला. "दुपारी व्होल्टेज बसलं तं हा उचलून घेते," बाबा म्हणाले. म्हाताऱ्या माणसाचं एवढं तरी ऐकावं म्हणून मी मशीनची वायर त्यात लावून दिली आणि विसरून गेले.

होळी झाली, ऊन चढलं आणि मशीन ओरडायला लागलं.

पहिल्यांदा ओरडलं तेव्हा मी लायब्ररीत होते. बाबांचा फोन आला, "लवकर ये वं, मशीन ओरडून राह्यली." मी चप्पल हातात घेऊन पळाले असं मागाहून लोकांनी सांगितलं, मला आठवत नाही. घरी पोचले तर मशीनवर लाल दिवा आणि बाबा सिलिंडरची नळी नाकाला लावून भिंतीला टेकून बसलेले. डोळे मोठे झालेले. मी मशीन बंद केलं, सुरू केलं, पुन्हा बंद केलं. दुपार थोडी कलली आणि ते आपलं आपण चालू लागलं, काही झालंच नाही अशा थाटात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भर दुपारी ओरडणार, ऊन उतरलं की सुधारणार.

मी मशीन ऑटोत घालून धंतोलीतल्या दुकानात नेलं. दुकानदाराने बदली मशीन दिलं आणि आमचं दिवसभर आपल्याकडे चालवून पाहिलं. "मॅडम, एकदम ओके है. कुछ नहीं हुआ इसको." बदली मशीन माझ्या घरी भर दुपारी ओरडलं. म्हणजे दोष मशीनचा नाही. मग कोणाचा? दुकानदार म्हणाला, उन्हाने तापत असेल. शेजारच्या काकू म्हणाल्या, उन्हानेच, आमचा मिक्सरही तापतो. मी कूलरचं तोंड बाबांकडून काढून मशीनकडे वळवलं. त्या दिवशी मशीन ओरडलं नाही. मी विजयी वीरासारखी लायब्ररीत गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी कूलर सुरू असतानाच ते ओरडलं आणि माझी सगळी हुशारी दुपारच्या आत उतरली.

सगळ्यात चक्रावणारी गोष्ट ही की एक दिवस आभाळ भरून आलं, उकाडा तर जीव घेत होता, आणि मशीन दिवसभर शांत. रविवारी मात्र हमखास आरडाओरडा. सुट्टीच्या दिवशी त्याला काय होतं? मी स्वतःशीच बडबडू लागले होते. बाबा म्हणायचे, "लोड वाहाडला असन. दुपारी समदे कूलर लागतेत, व्होल्टेज बसते." मला ते पटायचं. नागपुरात वाढलेल्या कोणालाही पटेल. उन्हाळा, दुपार, मिणमिणणारा बल्ब, हळूहळू फिरणारा पंखा, हे आम्ही जन्मापासून पाहत आलो आहोत.

कॅम्पसचा वायरमन कुहीकडचा. जाडजूड, मिशाळ, सदा घामाने भिजलेला आणि सदा आनंदात. आला की आधी बाबांना "जयभीम काकाजी" करायचा, मग चहा घ्यायचा, मग मीटर काढायचा. पण तो यायचा संध्याकाळी. "व्होल्टेज तं बरोबर हाय मॅडम," मीटर मला दाखवत म्हणायचा. अहो, संध्याकाळी बरोबरच असतं, दुपारी या ना, असं मी एकदा चिडून म्हटलं. तर म्हणाला, "दुपारी कसा येऊ? दुपारी होस्टेलवरचं सोलर बंद पडते. मी वर छतावर असतो."

"भर दुपारी सोलर बंद पडतं?"

"मंग काय! जेवढं ऊन जास्त, तेवढं जास्त बंद पडते. पुन्हा लागते, पुन्हा पडते. कंपनीवाले येऊन पाहून गेले, मशीन चांगली हाय म्हणतेत."

मी कपाळाला हात लावला. उन्हावर चालणारी वस्तू उन्हातच बंद पडते, आणि हवा देणारं मशीन चांगलं असून चालत नाही. ज्या उन्हाचे मी माइकवरून गोडवे गायले होते ते आता मला वेडावून दाखवत होतं. लायब्ररीत ट्यूबलाइट एकामागून एक जात होत्या. कॉम्प्युटरच्या यूपीएसमधून दुपारभर टक-टक आवाज यायचा. ऑफिसातला बिलांचा क्लार्क मला कॉरिडॉरमध्ये अडवून म्हणाला, मॅडम, तुमचं सोलर आल्यापासून आपला पॉवर फॅक्टर बिघडला. जसं काही सोलर मी माहेराहून आणलं होतं.

शेवटी मी इलेक्ट्रिकल विभागाच्या सरांकडे गेले. मोठा हुशार माणूस, पण त्यांना प्रश्न विचारला की ते फळ्याकडे वळतात. पॉवर फॅक्टर बिघडणं म्हणजे काय, हे त्यांनी मला लस्सीवरून समजावलं. ग्लासात लस्सी असते आणि वर फेस असतो. आपण दोन्ही बाहेरून आणायचो. आता लस्सी छतावर होते, फेस मात्र अजून बाहेरूनच येतो. म्हणून बाहेरच्या दुकानदाराला वाटतं की हे लोक नुसता फेसच नेतात. मी म्हटलं, सर, मग माझ्या बाबांचं मशीन फेसामुळे ओरडतं का? ते म्हणाले, नाही, तो वेगळा विषय. मी हात टेकले.

पण माणूस भला. दुसऱ्याच दिवशी ते एक करड्या रंगाची पेटी घेऊन घरी आले. आठवडाभर लाइनची नोंद घेणारी पेटी. ती त्यांनी स्टॅबिलायझरनंतर, अगदी मशीनच्या प्लगपाशी लावली, कारण मशीनला नेमकं काय मिळतं ते पाहायचं होतं. बाबांनी त्यांची उलटतपासणी घेतली, कोणत्या गावचे, वडील काय करायचे, आणि मग डब्यातला चिवडा दिला.

आठवड्याने सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावून स्क्रीनवर आलेख दाखवला. सकाळी रेघ सपाट. दुपारकडे ती हळूहळू वर चढत होती. आणि ऐन दुपारी, चढता चढता, मध्येच पायऱ्या. एक पायरी, दुसरी पायरी, कधी तिसरी. मग एकदम सगळं खाली.

"वर?" मी विचारलं. "म्हणजे व्होल्टेज वाढतं? बसत नाही?"

"वाढतं. ते समजण्यासारखं आहे. पण या पायऱ्या!" सरांचे डोळे चमकले. "लाइनवर असं कधी दिसत नाही. हे फार इंटरेस्टिंग आहे."

माझा पारा चढला. "सर, तुमचं इंटरेस्टिंग माझ्या बाबांच्या नाकात आहे."

ते ओशाळले. मलाही बोलल्यावर वाईट वाटलं, पण मागे घ्यावंसं वाटलं नाही. त्यांचा अंदाज होता की कॅम्पसच्या मुख्य स्विचबोर्डमधले कपॅसिटर आपोआप आत-बाहेर होत असतील आणि त्याच्या या पायऱ्या. कपॅसिटर म्हणजे तो फेस घरीच करण्याची सोय, एवढं मला कळलं. वायरमनकडून त्यांनी एक दिवस ते बंद ठेवून घेतले. पायऱ्या तशाच. सर दोन दिवस माझ्याशी फारसं बोलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर मला माझाच चेहरा दिसू लागला.

तोवर मे उजाडला होता. परीक्षा संपून मुली गावाला गेल्या, होस्टेल ओस पडलं, क्वार्टरमधली निम्मी घरंही कुलूपबंद. मला वाटलं, चला, आता लोड कमी झाला, सुटलो. झालं उलटंच. आता मशीन रोज ओरडू लागलं, आणि पूर्वीपेक्षा जास्त वेळ. एका दुपारी मी पोचेपर्यंत सिलिंडर संपत आला होता आणि बाबांचे ओठ निळसर दिसत होते. त्या रात्री भावाने निर्णय सांगून टाकला. पुढच्या बुधवारी तो येणार, डॉक्टरांचं पत्र घेऊन, रेल्वेतून बाबांना नेणार. मी भांडले नाही. भांडायला माझ्याकडे होतं काय? बाबांना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "तिकडं घरून नदी दिसते का?" मी म्हटलं, नाही. मग ते कुशीवर वळले, आणि मला मोठ्याने ओरडून कुणाला तरी बडवावंसं वाटलं. कुणाला, तेच कळत नव्हतं.

शनिवारी मी रजा टाकली. दुपारभर बाबांजवळ बसायचं, दुसरं काही नाही. पुस्तक हातात होतं, वाचत नव्हते. बाहेर ऊन नुसतं पांढरं झालं होतं. मशीनची घरघर चालली होती. मग त्या आवाजात किंचित फरक पडला, घरघर थोडी ताठ झाल्यासारखी. मी एकटीने ऐकली असती तर मला कळलंही नसतं. बाबांनी डोळे मिटलेलेच ठेवून पलंगाशेजारी हात खाली सोडला. कट्ट. स्टॅबिलायझरचं बटण एक घर पुढे.

मशीन आणखी ताठ झालं. थोड्या वेळाने पहिली पी-पी. बाबांनी पुन्हा हात नेला. कट्ट. लाल दिवा.

"बाबा! काय करता?"

"व्होल्टेज देऊन राह्यलो तिले," ते धापा टाकत म्हणाले. "कमी पडून राह्यलं ना. रोजच देतो, सांजले मांगं घेतो."

मी त्यांच्या नाकाला सिलिंडर लावला आणि सरांना, वायरमनला फोन केले. दोघं एकामागून एक आले, उन्हाने लाल झालेले. सरांनी आधी भिंतीतल्या प्लगमध्ये मीटर घातला. आकडा अडीचशेच्या बराच वर, असायला हवा दोनशे तीसच्या आसपास. मग स्टॅबिलायझरच्या मागे घातला. तिथला आकडा पाहून वायरमनने "बाप्पा!" म्हटलं आणि बटण सरसर मागे फिरवलं. सर खुर्चीवर बसले. "पायऱ्या," ते हळूच म्हणाले. एकेक कट्ट म्हणजे आलेखातली एकेक पायरी. बाबांकडे पाहून त्यांनी नजर खाली घातली.

"पण मुळात भिंतीतच एवढं कसं आलं?" मी विचारलं.

वायरमनने मिशीवरचा घाम पुसला. "टॅप चढवलेला हाय ना मॅडम. हर साली होळी झाली का चढवतो. तुमची वस्ती लाइनीच्या शेवटी, कूलर लागले का इथं व्होल्टेज पोहोचतच नाई. माह्या आधीचे वायरमन बी चढवत. दिवाळीनंतर उतरवतो."

ट्रान्सफॉर्मरवर एक चावी असते, ती वर सरकवली की सगळ्या लाइनचं व्होल्टेज थोडं चढतं, तिलाच हे लोक टॅप म्हणतात. कॅम्पसवर हा दरवर्षीचा नेम होता. खिडकीत कूलर बसायचे, त्यांना नवी खस लागायची आणि टॅप चढायचा. यंदाही नेमाने चढवला. फक्त यंदा त्याच लाइनवर, आमच्याच बाजूला, होस्टेलच्या छतावरचं ऊन उतरत होतं. सरांनी या वेळी फळा शोधला नाही. "दोन्हीकडून पाणी सोडलंय आणि नळ सगळे बंद," ते म्हणाले. "मुली गेल्या, वापरायला कोणी नाही. दाब वाढतो. जास्त वाढला की छतावरचं सोलर घाबरून बंद पडतं. रविवारी आणि सुट्टीत तर जास्तच."

म्हणून ढगाळ दिवशी शांतता. म्हणून भर उन्हात सोलर बंद. मला एकेक गोष्ट जागेवर बसताना दिसत होती, तरी डोकं मानत नव्हतं. उन्हाळ्याच्या दुपारी आमच्याकडे वीज जास्त झाली होती. हे वाक्य मी मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिलं, ते तेवढंच खोटं वाटलं.

बाबा सगळं ऐकत होते. "जास्त?" त्यांनी विचारलं. "वीज जास्त कशी होईन वं?"

त्यांनी वायरमनकडे पाहिलं, मग सरांकडे. "मी तं तिले उचलून राह्यलो होतो," ते म्हणाले. "बॉयलरवर आमाले तेच मालूम. लोड मांगते, आमी देतो. पुरली असं कधी झालंच नाई. रात रात उभं राहून बी पुरली नाई." त्यांनी नाकातली नळी सारखी केली. "अन् आता म्हणतेत जास्त झाली."

मला रडू आलं. रागही आला, पण तो कोणावर काढावा? वायरमनवर, ज्याने नेमाने आपलं काम केलं? सरांवर? सूर्यावर? बाबांवर तर नाहीच.

"काका, एक-दोन घरं टॅप खाली आणला की सगळं ठीक होईल," सर म्हणाले. "फक्त सगळी लाइन बंद करावी लागेल, त्याची परवानगी सोमवारी मिळेल. तोवर हा स्टॅबिलायझर काढून टाकू. उद्याचा रविवार मात्र सांभाळा."

बाबांनी विचारलं, "मंग वापरली तं उतरन का?"

"काय?"

"वीज. घरात वापरली तं व्होल्टेज उतरन का?"

"थोडं उतरेल," सर म्हणाले. "तुमच्या घरापुरतं, थोडंसं."

बाबांनी मान हलवली. सगळे गेल्यावर त्यांनी स्टॅबिलायझर पलंगाखाली सरकवायला लावला. जेवण अर्धं टाकलं. रात्री भावाला फोन करून मी म्हटलं, बुधवारचं तिकीट अजून रद्द करू नको, पण सोमवारपर्यंत थांब. तो म्हणाला, "ताई, काय झालंय ते तरी सांग." मी सांगायचा प्रयत्न केला. माझं मलाच नीट सांगता येईना.

रविवारी सिलिंडर भरून आणणं भाग होतं, आणि उघडं असलेलं एकच दुकान इतवारीत, भांड्यांच्या गल्लीच्या पुढे. सकाळी लवकर निघाले तर दुकानदार उशिरा आला. शेजारच्या काकूंना बाबांकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं, पण त्यांचा फोन लागेना. ऑटोवाल्याला मी इतकं घाई घाई केलं की तो वैतागून म्हणाला, "मॅडम, उड़ाऊँ क्या?" कॅम्पसच्या फाटकात शिरले तेव्हा ऊन बरोबर डोक्यावर होतं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. होस्टेलच्या छतावरचे पॅनेल डोळ्यांत घुसत होते.

शेवटच्या ओळीकडे वळलो आणि मला आमच्या क्वार्टरचा व्हरांड्यातला दिवा दिसला. लागलेला. भर दुपारी. खिडकीतून आत ट्यूबलाइट दिसत होती. स्वयंपाकघराचाही दिवा. मागच्या खोलीचाही.

बाबांच्या घरात भर दुपारी दिवा लागलेला मी जन्मात पाहिला नव्हता. तो बंद करायला ते उठू शकत नसतील तरच लागलेला राहील. सिलिंडर ऑटोतच टाकून मी धावले. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत पंखे सगळे फुल. कूलर सुरू. टीव्हीवर कुठला तरी कीर्तनाचा कार्यक्रम मोठ्या आवाजात. टेबलावर इस्त्री उभी करून ठेवलेली, तिचा लाल ठिपका लागलेला. मिक्सरही रिकामा फिरत होता. एवढ्या गोंगाटात मला एकच आवाज ऐकायचा होता. घरघर. मऊ, सरळ घरघर. मशीनचा दिवा हिरवा होता.

बाबा पलंगावर उशीला टेकून ताठ बसले होते, नाकात नळी, कपाळावर घाम. नळी जेवढी पोचते तेवढं फिरून, आणि जिथे पोचत नव्हती तिथे ती काढून ठेवून, भिंतीला धरत धरत त्यांनी एकेक बटण दाबलं होतं. ते मशीनकडे कान लावून बसले होते, बॉयलरपाशी बसत असतील तसे.

मी दारातच उभी राहिले. सवयीने माझा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला होता.

"हात नको लावू!" बाबा ओरडले. मग दम घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "गिझर राह्यला वं. तिथवर जाता नाई आलं मले. तो लाव."

मी मोरीत गेले आणि गिझर लावला.